पाणी मी भरते, मत कोण ठरवतं?

डिसेंबर २०२५ मधली नगरपालिकेची निवडणूक आठवतेय ना? रिक्षावरचे भोंगे, दारोदार येणाऱ्या पोलचिट, गल्लोगल्ली हळदीकुंकू आणि पैठणीचे खेळ... नुसती धांदल! मतदानाच्या दिवशी कुणी सकाळीच भाकरी टाकून, कुणी दुकान पुतण्याच्या हवाली करून रांगेत उभी राहिली. आणि आत गेल्यावर पुष्कळ जणी गोंधळल्या. कारण बहुतेक ठिकाणी बटण एक नव्हतं, तीन होती. एक नगराध्यक्षासाठी आणि दोन आपल्या प्रभागातल्या ‘अ’ आणि ‘ब’ या जागांसाठी.

मैत्रिणींनो, आता एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातल्या मनात द्या. त्या तीन बटणांपैकी किती बटणं तुम्ही स्वतः ठरवून दाबलीत?

तीनही, असं उत्तर असेल तर तुमचं कौतुकच. पण बऱ्याच घरांत काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर पुरुषमंडळींची बैठक बसते. कोण आपल्या समाजाचा, कोण भाऊबंदकीतला, कुणी मागच्या वर्षी दवाखान्यात मदत केली, याचा हिशेब होतो. मग आत निरोप येतो, “अमक्या चिन्हाचं पॅनल आहे, तिन्ही बटणं तीच.” घरात पाच मतं असली तरी ठरवणारं डोकं एकच. ‘आमना घरना मतं एकच ठिकाने जातस,’ असं आपल्याकडे अहिराणीत अगदी अभिमानानं सांगितलंही जातं!

दिल्लीचं मत वेगळं, गल्लीचं मत वेगळं

लोकसभेला आपण मत देतो तेव्हा आपल्यासोबत लाखो लोक मत देत असतात. तिथे पक्ष, मोठा नेता, टीव्हीवरच्या चर्चा यांचा जोर असतो. आपल्या एका गल्लीच्या मतानं तिथे फारसं काही हलत नाही. नगरपालिकेच्या प्रभागात मात्र सगळा मामला काही हजार मतांचा. हार-जीत कधी शेकड्यावर होते, तर कधी अगदी पाच-पन्नास मतांवर. म्हणजे एका बचत गटातल्या बायका आणि त्यांच्या सासवा-सुना-जावा मिळून एखाद्या प्रभागाचा निकाल फिरवू शकतात. आपल्या मताचं वजन सगळ्यात जास्त कुठे, तर आपल्याच वॉर्डात!

आणि नेमकं तेच मत आपण सगळ्यात सहज दुसऱ्याच्या हाती देतो. “नगरपालिका म्हणजे गल्लीतलं राजकारण, त्यात बायकांनी कशाला पडायचं?” असं म्हणून मोकळ्या होतो.

जरा बघू या, नगरपालिका करते तरी काय. नळाचं पाणी, गटार, कचऱ्याची घंटागाडी, खांबावरचा दिवा, सार्वजनिक शौचालय, जन्म-मृत्यूचा दाखला, भाजीबाजार. यातलं कोणतं काम पुरुषांचं म्हणून ओळखलं जातं, सांगा बरं? पाणी रात्री दोनला आलं तर उठतं कोण? चार दिवसांआड आलं तर पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवतं कोण? गटार तुंबलं की दारातली घाण काढतं कोण? खांबावरचा दिवा गेला की क्लासहून येणाऱ्या लेकीची वाट बघत दारात उभं राहतं कोण? सगळ्याचं उत्तर एकच. मग ज्याच्यामुळे पाणी येतं किंवा येत नाही, तो माणूस निवडायची वेळ आली की आपण ‘घरचे ठरवतील’ म्हणून बाजूला का होतो?

चार वर्षं विचारायचं कुणाला?

या मताची किंमत काय असते, हे मधल्या काही वर्षांनी दाखवून दिलं. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपालिकांची पाच वर्षांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली. त्यानंतर निवडणुका झाल्याच नाहीत. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभागरचनेचा घोळ वेगळाच. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तोपर्यंत गावोगावी कारभार प्रशासकाच्या हातात होता.

प्रशासक कदाचित चांगलं काम करत असेलही. पण तो आपल्या मतावर आलेला नसतो. तो आपल्या गल्लीत राहत नाही, लग्नाकार्यात भेटत नाही, पुढच्या वेळी मत मागायला येणार नसतो. नगरसेवकाला निदान नाक्यावर अडवून विचारता येतं, “भाऊ, आमच्या लाइनीला पाणी कधी?” प्रशासकाला कुठे अडवायचं?

चाळीसगावकरांना ३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस विसरता येणार नाही. रात्रभरच्या पावसानं तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, गुरंढोरं वाहून गेली, कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. पूर ओसरल्यावर चिखल उपसण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलं, हे सांगायला नको. पण पुरानंतरचे खरे प्रश्न वर्षानुवर्षं चालतात. नदीपात्रातली अडचण कोण काढणार, नाले कधी साफ होणार, खालच्या वस्त्यांचं काय? हे प्रश्न सभागृहात उभं राहून विचारायला निवडून आलेला माणूस लागतो. आणि नेमका त्याच काळात तो नव्हता.

कान्ससमधली एक गोष्ट

आता तुम्हाला थोडं लांब घेऊन जाते, अमेरिकेतल्या कान्सस राज्यात. तिथे आर्गोनिया नावाचं एक लहानसं गाव आहे. १८८७ साली त्या राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, पण तो फक्त नगरपालिकेपुरता. राज्याच्या निवडणुकीत मत द्यायला त्यांना १९१२ पर्यंत थांबावं लागलं आणि देशभरच्या बायकांच्या मताचा हक्क घटनेत यायला १९२० उजाडलं. म्हणजे आधी मिळालं ते गल्लीचं मत!

आर्गोनियातल्या बायका दारूबंदीसाठी एकत्र आल्या होत्या. काही पुरुषांना ते खुपलं. त्यांनी बायकांची फजिती करायची म्हणून गंमत केली. त्या गटातल्या सुसाना सॉल्टर या बाईंचं नाव महापौरपदासाठी गुपचूप मतपत्रिकेवर टाकून दिलं. दोन-चार मतं पडतील, हसं होईल आणि पुन्हा कुणी बाई राजकारणाचं नाव काढणार नाही, असा बेत होता. बाईंना स्वतःला हे मतदानाच्या दिवशीच कळलं. गावातली माणसं विचारायला गेली तेव्हा त्या घरी कपडे धूत होत्या! “निवडून आलात तर पद घ्याल का?” असं विचारल्यावर त्या “घेईन” म्हणाल्या. मग बायकांनी ठरवून मतं दिली, समजूतदार पुरुषांनीही दिली आणि सुसानाबाई जवळपास दोन तृतीयांश मतांनी निवडून आल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या महिला महापौर. वय सत्तावीस, वर्षाचं मानधन एक डॉलर! पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्याच राज्यातल्या ऑस्कलूसा गावात महापौर आणि सगळे नगरसेवक बायकाच निवडून आल्या.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? सुसानाबाईंचं नाव चिठ्ठीवर कुणी टाकलं, का टाकलं, हे शेवटी गौण ठरलं. मतं कुणी दिली आणि पद मिळाल्यावर त्या खुर्चीत कोण बसलं, हे महत्त्वाचं ठरलं.

आपला हक्क असा आला

आपल्याकडे मताचा हक्क कुणी थट्टेत दिला नाही. त्यामागे मोठी माणसं झिजली आहेत. याच चाळीसगावात ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले, तेव्हा त्यांना टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसानं तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे याच माणसानं जी घटना घडवली, तिनं टांगेवाल्याला आणि टांग्यात बसू न दिलेल्याला, जमीनदाराला आणि त्याच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईला सारख्याच वजनाचं एकेक मत दिलं.

तरी पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, देशातल्या जवळपास २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळाली. का? तर त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही! ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. आयोगानं ठाम भूमिका घेतली, की नाव नाही तर मत नाही. प्रामुख्यानं उत्तरेकडच्या राज्यांतला हा प्रकार. पण ‘घरचं मत’ म्हणताना आपणही आपलं नाव पुसून टाकतोच की!

त्यानंतर दहाच वर्षांनी, १९६२ मध्ये, जळगावातून प्रतिभाताई पाटील विधानसभेवर निवडून आल्या. वय सत्तावीस, म्हणजे आर्गोनियाच्या सुसानाबाईंएवढंच. २००७ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. पण एक बाई पुढे गेली म्हणून गल्लीतल्या बायकांना खुर्ची मिळत नसते. त्यासाठी वेगळी खटपट लागली. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या हजारो शेतकरी बायका जमल्या. स्थानिक निवडणुका बायकांनी लढवायच्या, हा विचार तिथून जोर धरू लागला. त्यातूनच १९८९ च्या सुमाराला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली! याच विटनेरमध्ये पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुरुषांनी आपल्या जमिनी बायकोच्या नावावर करून दिल्या. त्या वेळी आरक्षण नव्हतं, कुणाची सक्ती नव्हती.

मग १९९० मध्ये राज्यानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा देशभर पक्क्या झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. म्हणून आज प्रभागातल्या दोन जागांपैकी एक बाईची असते.

खुर्ची बाईची, निरोप कुणाचा?

जागा मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र झालेलं नाही. पारोळा तालुक्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील २०२१ मध्ये निवडून आल्या. त्या सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार झाली आणि त्यांना अपात्र ठरवलं गेलं. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं त्यांचं पद त्यांना परत दिलं. एक बाई सरपंच झाली, आता तिच्या निर्णयानं चालावं लागणार, हे गावातल्यांच्या पचनी पडलं नाही, असं न्यायालयानं स्पष्टच नोंदवलं. बघा, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे!

दुसऱ्या बाजूनं शहरातलं चित्र बघा. २०२५ मध्ये जामनेरला मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन नगराध्यक्षपदी बिनविरोध निवडून आल्या. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल बिनविरोध आल्या आणि नगरसेवकांच्या जागाही बिनविरोध गेल्या. चाळीसगावात २०१६ मध्ये आशालता चव्हाण थेट लोकांच्या मतांनी नगराध्यक्ष झाल्या होत्या. २०२५ मध्ये तिथे आमदार मंगेश चव्हाण यांच्या पत्नी प्रतिभा चव्हाण, तर पाचोऱ्यात आमदार किशोर पाटील यांच्या पत्नी सुनीता पाटील मैदानात होत्या.

राजकारणातल्या घरची बाई म्हणजे ती कर्तबगार नाही, असं मुळीच नाही. आपल्या सुसानाबाईही गावच्या पहिल्या महापौरांच्या कन्याच होत्या! घरातलं राजकारण बघत वाढलेली बाई कारभार लवकर शिकतेही. मुद्दा तो नाहीच. मुद्दा मतदाराचा आहे. निवडणूक बिनविरोध झाली की बटणच दाबायला मिळत नाही. ‘नोटा’सुद्धा नाही. उमेदवार कुणीही असो, तिला मतं मागायला आपल्या दारी यावं लागलं पाहिजे आणि निवडून आल्यावर उत्तर तिनंच दिलं पाहिजे. आपण नगरसेविकेच्या घरी पाण्याची तक्रार घेऊन जातो आणि तिच्या नवऱ्याशी बोलून परत येतो. यात चूक त्या दोघांची जेवढी, तेवढी आपलीही नाही का? “वहिनींना बोलवा, त्यांच्याशीच बोलायचंय,” असं आपण पहिल्याच दिवशी का म्हणत नाही?

पुढची निवडणूक येईपर्यंत

आता पुढची पाच वर्षं काय करायचं? मोर्चे काढायची गरज नाही. साध्या-साध्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, तक्रार तोंडी करू नका. कागदावर लिहा, चार-पाच जणींच्या सह्या घ्या, नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेली विसरता येत नाही. उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक. ‘आमच्या गल्लीच्या गटारीसाठी किती पैसे मंजूर झाले आणि काम कुणाला दिलं?’ एवढा एक प्रश्नही पुरतो.

दुसरी गोष्ट, नगरपालिकेत महिला व बालकल्याण समिती असते. अर्थसंकल्पातला ५ टक्के निधी महिला आणि बालकांसाठी राखून ठेवावा, असा शासनाचा आदेश आहे. तुमच्या गावात तो कशावर खर्च होतो? शिलाईच्या क्लासवर, की बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्यावर? बाजाराच्या दिवशी खेड्यावरून टोपली घेऊन आलेली बाई दिवसभर घोटभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. हा प्रश्न विचारायला आपण नाही गेलो तर कोण जाणार?

तिसरी गोष्ट, ज्यांना स्वतः उभं राहावंसं वाटतं त्यांच्यासाठी. प्रभागात एक जागा बायकांची आणि दुसरी पुरुषांची, असा पुष्कळ जणींचा समज आहे. तो चुकीचा आहे. दुसरी जागा सर्वांसाठी असते, तिथेही बाई उभी राहू शकते. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते, आणि बाईची जात धरली जाते ती माहेरची. ऐन वेळी भावाकडे वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले शोधायला पळापळ होते. म्हणून दिवाळीला, आखाजीला माहेरी जाल तेव्हाच ते कागद काढून घ्या. आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर निवडणूक लढवता येत नाही, हा नियमही ठाऊक असू द्या.

चौथी गोष्ट, यादीतलं नाव. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव वर्षानुवर्षं माहेरच्या यादीत पडून राहतं. रेशनकार्डात नाव घालायची जेवढी घाई करतो, तेवढीच मतदारयादीची करा. भाड्याचं घर बदललं, गल्ली बदलली, तर नाव नव्या पत्त्यावर घ्या.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी, तरी सगळ्यात अवघड. घरात चर्चा जरूर करा. नवऱ्याचं, सासऱ्यांचं ऐका, त्यांना बाहेरच्या चार गोष्टी ठाऊक असतात. पण आपल्याला ठाऊक असलेल्या चार गोष्टीही त्यांना ऐकवा. पाणी किती दिवसांनी येतं, कुणाच्या काळात नियमित येत होतं, फोन केल्यावर कोण येऊन बघून गेलं, कोण फक्त हळदीकुंकवाला दिसलं. मग यंत्रासमोर गेलात की तिथे फक्त तुम्ही असता. तिथे कुणी डोकावत नाही, बाहेर येऊन सांगायची सक्ती नाही. तीन बटणं तीन वेगळ्या चिन्हांची दाबली तरी मत बाद होत नाही! पॅनल उमेदवारांचं असतं, मतदाराचं नसतं.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला राज्यातल्या ६५ टक्क्यांहून जास्त बायकांनी मतदान केलं, जवळजवळ पुरुषांच्या बरोबरीनं. आपण रांगेत उभं राहायला शिकलोय. महिन्याच्या १५०० रुपयांनी सगळ्या पक्षांचं लक्ष बायकांच्या मताकडे वळलंय, हेही खरं. पण १५०० रुपये मुंबईतून येतात. नळाचं पाणी मात्र आपल्या नगरपालिकेतूनच येणार आहे.

म्हणून आज एवढंच करा. तुमच्या प्रभागाचा क्रमांक काय, तुमचे दोन नगरसेवक कोण, त्यातली बाई कोण आणि तिचा स्वतःचा, नवऱ्याचा नव्हे, फोन नंबर काय, हे एका कागदावर लिहून फ्रीजला किंवा कपाटाच्या दाराला चिकटवा. पुढच्या वेळी पाणी आलं नाही की तो नंबर लावा. आणि पलीकडून ‘साहेबांशी बोला’ असं उत्तर आलं, तर शांतपणे सांगा, “मत मी वहिनींना दिलं होतं.”